‘अर्थ’ लागला का?

उन्हाळा सरत आला की आपल्याकडे घराघरांत लोखंडाची कामे निघतात. पावसाआधी गच्चीवर पत्र्याची शेड हवी असते, गॅलरीचे ग्रिल गंजून सुटलेले असते, फाटकाची बिजागरी तुटलेली असते, पाण्याच्या टाकीच्या स्टँडचा एखादा पाय डुगडुगत असतो. मग फॅब्रिकेशनवाल्याला निरोप जातो. ठरलेल्या दिवसानंतर दोन-तीन दिवसांनी (दिलेला वायदा पाळण्याच्या बाबतीत वेल्डिंगवाला आणि शिंपी हे सख्खे भाऊच!) मिस्त्री आणि त्याचा हेल्पर मशीन घेऊन हजर होतात. घरातल्या मुलांना ‘तिकडे बघू नका, डोळे जातील’ असा दम भरला जातो. मिस्त्री रॉड होल्डरमध्ये अडकवतो आणि हेल्परला ओरडून सांगतो, ‘अर्थ लाव रे!’

हेल्पर दुसऱ्या केबलचे टोक उचलतो आणि जवळ सापडेल त्या लोखंडाला लावून टाकतो. कधी तो अर्थ फाटकाच्या खांबाला लागतो, कधी पाण्याच्या पाइपला, कधी जिन्याच्या कठड्याला. कित्येकदा केबलच्या टोकाला क्लॅम्पही नसतो. वाकवलेला एक अँगलचा तुकडा असतो, तो नुसता अडकवायचा किंवा पायाने दाबून धरायचा. ठिणग्या उडू लागल्या की सगळ्यांची नजर तिकडे जाते. या दुसऱ्या टोकाकडे कोणी पाहत नाही.

वाचकहो, आज आपण या दुसऱ्या टोकाकडेच पाहणार आहोत. त्याचे एक कारण असे, की अलीकडे बऱ्याच मिस्त्रींकडे या टोकाला स्प्रिंगच्या चिमट्याऐवजी एक गोल लोहचुंबक दिसू लागला आहे. लोखंडाला टेकवला की ‘टक्’ करून चिकटतो. काम सोपे होते आणि मिस्त्री खूश असतो. पण चुंबक चिकटला म्हणजे वीज नीट जोडली गेली, असे मात्र नाही. या दोन गोष्टींत फरक आहे आणि त्या फरकावर आपल्या कठड्याची मजबुती, आपल्या घरातली वायरिंग आणि काम करणाऱ्याचा जीव, असे बरेच काही अवलंबून आहे.

परतीची वाट

विजेचा साधा नियम असा, की ती जिथून निघते तिथे तिला परत यावे लागते. परतीची वाट नसेल तर ती निघतच नाही. वेल्डिंग मशीनमधून दोन जाड केबली बाहेर येतात त्या यासाठीच. एकीच्या टोकाला होल्डर आणि त्यात रॉड. दुसरीच्या टोकाला क्लॅम्प. रॉड लोखंडाला किंचित टेकवून उचलला की मधल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीतून वीज उडी घेते. तोच ‘आर्क’. तिथले तापमान काही हजार अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि लोखंड तर सुमारे दीड हजार अंशांनाच वितळते. रॉडही वितळतो, कामाचे लोखंडही वितळते आणि दोन्ही मिसळून थिजले की सांधा तयार होतो. असा धातूचाच रॉड वितळवून वेल्डिंग करण्याची पद्धत रशियात निकोलाय स्लाव्यानोव यांनी १८८८ मध्ये वापरात आणली. तेव्हापासून आजवर मशीन पुष्कळ बदलली, पण दुसऱ्या केबलची गरज काही सुटलेली नाही.

आता थोडे आकडे पाहू. मशीन आपल्या घरची २३० व्होल्टची वीज घेते, तिचा दाब उतरवते आणि त्या बदल्यात प्रवाह वाढवते. आर्क पेटलेला नसतो तेव्हा होल्डर आणि क्लॅम्प यांच्यामध्ये साधारण ५० ते ८० व्होल्ट असतात. आर्क पेटला की ते २०-३० व्होल्टवर येतात. प्रवाह मात्र मोठा असतो. १२ नंबरच्या, म्हणजे अडीच मिलिमीटर जाडीच्या रॉडला ६० ते ९० अँपिअर लागतात आणि १० नंबरच्या, म्हणजे ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला ९० ते १३०. आपल्या न्हाणीघरातला १५०० वॅटचा गीझर साडेसहा अँपिअर घेतो. त्याच्या पंधरापट प्रवाह होल्डरमधून जातो आणि तेवढाच्या तेवढा त्या दुसऱ्या केबलमधून परत येतो. त्यात एका अँपिअरचीही सूट नाही.

म्हणूनच ‘अर्थ’ हा शब्द थोडा फसवा आहे. घराच्या वायरिंगमधली अर्थिंगची तार रोजच्या व्यवहारात रिकामी असते. कुठे बिघाड झाला, फ्रिजच्या पत्र्यात वीज उतरली, तरच ती कामाला येते. वेल्डिंगचा ‘अर्थ’ मात्र काम चालू असेपर्यंत पूर्ण प्रवाह वाहून नेतो. त्याला जमिनीशी काही घेणे-देणे नाही. तो खरे तर ‘परतीची तार’ आहे. मशीनच्या पेटीला तीन पिनांच्या प्लगमधून जे अर्थिंग द्यावे लागते, ते निराळे. एक आहे म्हणून दुसरे नसले तरी चालेल, असे होत नाही.

लांबचा अर्थ

परतीची तार कामाच्या ठिकाणापासून दूर लावली, तर वेल्डिंग होतच नाही असे नाही. होते, म्हणून तर सवय सुटत नाही! पण मधले अंतर वीज कशातून कापते, हे पाहण्यासारखे आहे. तिला जी धातूची वाट मिळेल, ती सगळी ती वापरते.

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कठडा जोडायचा आहे आणि केबल अपुरी पडते म्हणून अर्थ खाली पाण्याच्या पाइपला लावला, असे समजा. आता शंभर अँपिअर तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत कशातून येणार? थोडे पाइपातून, थोडे स्लॅबमधल्या सळ्यांतून, आणि पाइप जर कुठे गीझरला किंवा मोटारीला टेकलेला असेल, तर घरातल्या अर्थिंगच्या तारेतूनही. वेल्डिंगची केबल २५ किंवा ३५ चौरस मिलिमीटर जाडीची असते. भिंतीतली अर्थिंगची तार असते दीड-अडीच चौरस मिलिमीटरची. तिच्यात वेल्डिंगच्या प्रवाहाचा मोठा हिस्सा शिरला तर ती आतल्या आत तापते, तिच्यावरचे प्लास्टिक वितळते, आणि बाहेरून कोणाला काही कळत नाही. कळते ते पुढे कधीतरी, जेव्हा फ्रिजला खरोखर अर्थिंगची गरज पडते आणि तार जागेवर नसते.

फाटकाचे पाहा. वेल्डिंग फाटकाच्या पल्ल्यावर आणि अर्थ खांबावर. मध्ये आहे बिजागरी. सगळा प्रवाह तिच्या खिळ्यातून जाणार. जिथे खिळा अर्धवट टेकतो तिथे बारीक ठिणग्या पडतात आणि बिजागरी खडबडीत होते. मग नवे जोडलेले फाटक कुरकुरते आणि आपण तेल घालत बसतो. जे बिजागरीचे तेच बेअरिंगचे. पिठाच्या गिरणीचा शाफ्ट, रसवंतीचा चरक, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे चाक, दुकानाचे शटर, या सगळ्यांत वेल्डिंग फिरत्या भागावर आणि अर्थ स्थिर सांगाड्यावर लावला, तर वीज बेअरिंगच्या गोळ्यांमधून जाते. गोळ्यांवर आणि कड्यांवर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. त्या दिवशी काही वाटत नाही. पुढे काही दिवसांनी बेअरिंग आवाज करू लागते आणि दोष जातो बेअरिंगच्या कंपनीकडे.

मोटारगाडी आणि दुचाकी यांच्याबाबत तर अधिक जपायला हवे. पूर्वी स्कूटरचा स्टँड तुटला की कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे दोन टाके मारून घ्यायचे, एवढेच असे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि तेव्हापासूनच्या बहुतेक दुचाकींत इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे आले. गाडीच्या सांगाड्यातून भरकटलेला वेल्डिंगचा प्रवाह अशा यंत्रणेला निकामी करू शकतो. म्हणून गाडीवर वेल्डिंग करण्यापूर्वी कंपनीच्या पुस्तिकेत काय म्हटले आहे ते पाहावे, बॅटरीची ऋण टोकाची तार सोडवावी आणि अर्थ ज्या तुकड्यावर टाका मारायचा त्याच तुकड्यावर, टाक्याच्या जवळ लावावा. पेट्रोलची टाकी जवळ असेल तर ती उतरवल्याशिवाय काम सुरूच करू नये.

या सगळ्याचा सारांश एवढाच, की परतीची वाट जितकी आखूड आणि सरळ, तितके बाकीच्यांचे नुकसान कमी.

गंजावर बसलेला क्लॅम्प

वाट जवळची झाली, पण ती खडबडीत असेल तर? गंज, जुना रंग, नव्या लोखंडावरची काळी खपली यांतून वीज नीट जात नाही. क्लॅम्प त्यांच्यावर बसवला तर त्या जागी विरोध उत्पन्न होतो आणि विरोध म्हणजे उष्णता. हिशेब सोपा आहे. प्रवाहाचा वर्ग करायचा आणि विरोधाने गुणायचे. प्रवाह १०० अँपिअर आणि जोडाचा विरोध एक ओहमचा शंभरावा भाग असेल, तर क्लॅम्पखाली १०० वॅट उष्णता निर्माण होते, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बएवढी. विरोध दहावा भाग झाला की १००० वॅट, म्हणजे चांगली तापलेली इस्त्री! काम करताना क्लॅम्प हात लावू नये इतका गरम होतो आणि केबलचे रबर टोकाजवळ करपते, ते यामुळे.

पण क्लॅम्प तापणे ही त्यातली लहान गोष्ट. मोठी गोष्ट अशी, की जी ताकद क्लॅम्पखाली खर्च झाली ती टाक्याला मिळाली नाही. आर्क फडफडतो, मध्येच विझतो, रॉड चिकटतो. मिस्त्रीला वाटते रॉड ओले आहेत किंवा घरात व्होल्टेज कमी आहे. तो करंटचा नॉब वाढवतो. मध्येच गंज जळून जोड सुधारतो, मग आर्क एकदम जोर धरतो आणि पातळ पाइपला भोक पडते. अशा कामातले काही टाके वरून भरलेले दिसतात, पण धातू आत मुरलेला नसतो. पोळीवर तूप नुसते ठेवावे तसा तो वर बसलेला असतो. त्यावर रेड ऑक्साइड आणि रंगाचा हात फिरला की सगळे टाके सारखेच दिसतात.

हा टाका फुलदाणीच्या स्टँडला असेल तर सोडून द्या. पण गॅलरीच्या कठड्याला असेल तर? त्या कठड्यावर संध्याकाळी घरातली मुले रेलून उभी राहतात. टाकीच्या स्टँडचे पाहा. हजार लिटरच्या टाकीत एक हजार किलो पाणी असते. अर्थ नीट लावला होता की नाही हा प्रश्न म्हणूनच केवळ मिस्त्रीच्या सोयीचा नाही.

चुंबक काय करतो आणि काय नाही

आता चुंबकाकडे वळू. स्प्रिंगच्या चिमट्याला धरायला कडा लागते. मोठ्या पत्र्याच्या मध्यभागी, जाड पाइपच्या अंगावर किंवा रुंद गर्डरवर चिमट्याला कडा मिळत नाही, म्हणून हेल्पर लांब कुठेतरी कडा शोधतो. चुंबकाला कडा लागत नाही. सपाट जागेवर तो बसतो, खाच असलेला चुंबक पाइपवरही बसतो. म्हणजे अर्थ टाक्याच्या जवळ नेणे सोपे होते, आणि आत्ताच आपण पाहिले की अर्थ जवळ असणे किती महत्त्वाचे आहे. चुंबकी क्लॅम्पचा खरा फायदा हाच. किंमतही काही शे रुपयांपासून सुरू होते. काही चुंबकांना फिरवायची कळ असते. कळ फिरवली की आतले चुंबक असे वळतात की त्यांची ओढ आतल्या आत मिटते आणि क्लॅम्प सहज सुटून येतो. चिकटलेली लोखंडाची भुकटीही मग झटकून निघते.

पण चुंबकाची ओढ आणि विजेचा जोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या स्पीकरमध्ये असतो तसा काळा फेराइटचा चुंबक घ्या. लोखंडाला तो घट्ट धरतो, पण वीज त्यातून जवळजवळ जातच नाही. १९८० च्या दशकात जपान आणि अमेरिका या दोन्ही देशांत स्वतंत्रपणे शोध लागलेला निओडिमियमचा चुंबक कितीतरी जोरकस असतो. त्यातून वीज जाते, पण तांब्याच्या मानाने अनेक पटींनी कमी. म्हणून चांगल्या क्लॅम्पमध्ये चुंबकाचे काम फक्त दाबून धरण्याचे असते आणि वीज नेण्यासाठी तांब्याचा किंवा पितळेचा वेगळा भाग लोखंडाला टेकतो. केबलचे थिंबल त्या भागाला बोल्टने घट्ट आवळलेले असावे लागते. तो भाग झिजला, काळा पडला किंवा वाकला, तर चुंबक चिकटलेला राहतो, पण जोड नसतो. चिमटा सैल झाला की डोळ्यांना दिसते. चुंबकाचे तसे नाही. तो घट्ट बसलेला पाहून आपण निश्चिंत होतो.

आणखी काही मर्यादा आहेत. रंगाचा पातळ थर मध्ये आला तरी चुंबक चिकटतो, वीज मात्र अडते. म्हणून चुंबक लावण्यापूर्वीही रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी जागा ग्राइंडरने किंवा पॉलिश पेपरने चकचकीत करावीच लागते. ग्राइंडरचा कीस चुंबकाच्या तोंडाला चिकटतो आणि तोंड तिरके टेकते. तो दर वेळी कपड्याने पुसावा लागतो. पातळ पत्र्यावर चुंबकाची पकड कमी असते आणि हातोडी किंवा चिपिंगच्या धक्क्याने तो सरकतो. ॲल्युमिनियम, तांबे, पितळ यांना तर तो चिकटतच नाही. स्वयंपाकघरात आणि जिन्याच्या कठड्यांत वापरले जाणारे ३०४ नंबरचे स्टेनलेस स्टीलही चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. तिथे जुना चिमटा किंवा स्क्रूचा क्लॅम्पच हवा.

उष्णता हा चुंबकाचा शत्रू. साध्या प्रतीचा निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे आपली शक्ती गमावू लागतो, आणि ती सगळी परत येत नाही. फेराइटचा अडीचशे अंशांच्या आसपासपर्यंत टिकतो. शिवाय चुंबक टाक्याला अगदी खेटून ठेवला, तर तो आर्कलाच ओढतो. आर्क म्हणजे वीजच, आणि चुंबकाजवळ ती वाकते. नव्या डीसी इन्व्हर्टर मशीनवर हे विशेष जाणवते. आर्क एका बाजूला झुकतो आणि टाका वाकडा पडतो. म्हणून अर्थ जवळ असावा, पण चिकटून नसावा. वीत-दोन वितींचे अंतर ठेवावे आणि आर्क झुकताना दिसला तर चुंबक आणखी मागे घ्यावा. क्लॅम्पवर लिहिलेले अँपिअरही पाहावेत. २०० अँपिअरचा क्लॅम्प ३०० च्या कामाला लावू नये.

मिस्त्रींकडे आणखी एक चुंबक असतो, लाल रंगाचा, बाणासारखा तिकोनी. तो दोन पट्ट्या काटकोनात धरून ठेवण्यासाठी असतो. दिसायला चुंबकच, पण परतीची तार बांधण्याची ती जागा नव्हे.

ऐंशी व्होल्टचा भरवसा

‘वेल्डिंगचा करंट लागत नाही’ असा एक समज आहे. कोरड्या हाताला, कोरड्या जमिनीवर, बूट घालून उभ्या असलेल्या माणसाला ५०-८० व्होल्ट बहुधा नुसते चुरचुरतात, हे खरे. पण कामे निघतात ती पावसाच्या तोंडावर. अंग घामाने भिजलेले, पायांत स्लीपर आणि फरशी ओली. अशा वेळी शरीराचा विरोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. ७० व्होल्टला हजाराने भागले की ७० मिलिअँपिअर होतात. एका मिलिअँपिअरला माणसाला मुंग्या जाणवतात, दहाच्या पुढे स्नायू आखडून हातातली वस्तू सुटत नाही आणि तीसच्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. मग ७० चे काय ते सांगायला नको.

इथे एक गोष्ट गृहिणींनी आणि सोसायटीच्या मंडळींनी मुद्दाम लक्षात ठेवावी. घराच्या मुख्य पेटीत जीव वाचवणारे जे उपकरण असते, आरसीसीबी, जुन्या बोलीत ‘ईएलसीबी’, ते मशीनपर्यंतच्या २३० व्होल्टच्या तारेवर लक्ष ठेवते. मशीनच्या पलीकडची बाजू ट्रान्सफॉर्मरने वेगळी केलेली असते. तिथे कोणाला धक्का बसला तर हे उपकरण पडत नाही. तिथे माणसाला वाचवणाऱ्या गोष्टी वेगळ्या. कोरडे चामडी हातमोजे, रबरी तळाचे बूट, न फाटलेली केबल, आणि नीट लागलेला अर्थ. काही इन्व्हर्टर मशीनमध्ये ‘व्हीआरडी’ नावाची सोय असते. ती आर्क नसताना दाब उतरवून ठेवते. नवे मशीन घेणाऱ्याने ती जरूर विचारावी.

धोका सर्वांत जास्त कोणाला? बहुतेक वेळा हेल्परला. मिस्त्रीच्या हातात मोजे असतात, हेल्परच्या नसतात. केबलचे उघडे टोक पायाने दाबून धरायचे काम त्याचे. मशीन चालू असताना अर्थ इकडून काढून तिकडे लावायचे कामही त्याचेच. एका हातात सुटलेला क्लॅम्प आणि दुसरा हात कामाच्या लोखंडावर, अशा वेळी परतीची वाट त्याच्या छातीतून जाते. चुंबकी क्लॅम्पमुळे निदान पायाने दाबून धरण्याची पाळी येत नाही. पण जागा बदलताना मशीन बंद करायचा नियम चुंबकालाही लागू आहेच.

हृदयात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने हा चुंबक हाताळू नये, खिशात ठेवू नये आणि वेल्डिंग चालू असताना केबलींजवळ थांबू नये. असे काम स्वतः करणाऱ्यांनी आधी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. जोरकस चुंबक दोन लोखंडांमध्ये बोटही चेंगरतात. मुलांच्या हाती ते खेळायला देऊ नयेत.

आपण काय पाहावे?

‘आम्हाला यातले काय कळते? मिस्त्री ऐकेल का?’ असे कोणी म्हणेल. ऐकतो. विचारण्याची रीत हवी, एवढेच.

‘दादा, अर्थ तिकडे पाइपाला लावलात. इथे कठड्यालाच लावता येणार नाही का?’

‘ताई, इथे रंग आहे. पकडत नाही.’

‘मग तेवढा रंग घासून घ्या ना. शेवटी सगळा कठडा रंगवायचाच आहे. चुंबक आहे तुमच्याकडे, तो इथे बसेल की.’

‘घासतो. बंट्या, ग्राइंडर आण!’

एवढ्यावर काम होते. चांगल्या मिस्त्रीला हे सगळे ठाऊक असते. आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, तिथेही ते शिकवतात. घाई आणि ‘चालते की’ ही सवय यांमुळे ते मागे पडते. घरमालक पाहतो आहे म्हटल्यावर ते पुन्हा आठवते.

तेव्हा पहिला टाका पडण्याआधी पाच मिनिटे काढा. अर्थ ज्या तुकड्याचे वेल्डिंग आहे त्याच तुकड्यावर आहे ना? मध्ये बिजागरी, बेअरिंग, साखळी किंवा सैल बोल्ट तर नाही? खालची जागा घासून चकचकीत केली आहे ना? गॅसच्या पाइपला, पाण्याच्या पाइपला, विजेच्या पेटीला किंवा इमारतीच्या सळईला तो लावलेला नाही ना? गॅसच्या पाइपच्या बाबतीत तर कोणतीही सबब ऐकू नका. केबलवर फाटलेले, चिंधी गुंडाळलेले तुकडे नाहीत ना? हेल्परच्या पायांत बूट आहेत का? जवळ पडदे, फोम, रंगाचे डबे नाहीत ना, आणि पाण्याची बादली व वाळू हाताशी आहे का? पेटलेल्या विजेच्या वस्तूवर पाणी टाकायचे नाही, हे मात्र विसरू नका. काम चालू झाल्यावर अर्ध्या तासाने मशीन बंद करायला सांगून क्लॅम्पजवळ हाताचा पंजा न टेकवता धरून पाहा. चटका जाणवण्याइतकी धग येत असेल, तर जोड नीट नाही. पुन्हा घासून लावायला सांगा.

हेल्परसाठी बूट-मोजे नसतील, तर त्या दिवसाच्या मजुरीत ते घालून द्यायलाही हरकत नाही. आपण शेडसाठी, कठड्यासाठी हजारो रुपये मोजतो. त्यातले काही शे रुपये चांगल्या क्लॅम्पवर आणि मोज्यांवर गेले, तर कठडा मजबूत होईल आणि तो जोडणारा मुलगा संध्याकाळी धडधाकट घरी जाईल.